बर्फावरचं बटण

भांडण पातेलंभर भातावरून झालं होतं. मावशी तेव्हा कुणाची मावशी नव्हती. बावीस वर्षांची, कोपरापर्यंत साबणात बुडालेली, मोठ्या इस्पितळाच्या कॅन्टीनमध्ये भांडी घासणारी पोरगी होती. भांडी घासायची जागा आणि स्वयंपाकाची जागा यांच्यामध्ये छातीएवढी भिंत होती. भिंतीपलीकडचे लोक अलीकडे माणूस आहे हे विसरून बोलत, म्हणून तिला सगळं ऐकू यायचं.

"हा भात अकराला उतरवलाय," आचारी म्हणत होता. "आता पाच वाजले. सहा तास झाकण लावून कोपऱ्यात पडलाय. मी याला हात लावणार नाही."

"वास तरी येतोय का? घ्या, बघा हुंगून!" हा मॅनेजर.

"तुमचं नाक म्हणजे काय प्रयोगशाळा आहे?"

"कांदा घाला, मसाला घाला, परतून द्या. कुणाच्या बापाला कळणार नाही."

"बापाला नाही कळणार. पोटाला कळेल. आणि इथे जेवायला बसणारे आधीच आजारी आहेत, साहेब."

"एवढा भात टाकायचा? तुमच्या घरचा असता तर टाकला असता का हो?"

"घरचा असता तर अकरालाच परातीत पसरून गार केला असता. तुम्हीच म्हणालात, राहू द्या, नंतर बघू. आता बघा."

मग पातेलं ओढल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ खरकट्याच्या पिंपात काहीतरी जड पडल्याचा. मॅनेजर ओरडला की उद्यापासून तोंड दाखवू नकोस. आचाऱ्याने ॲप्रन काढला, घडी घातली, ते रिकामं पातेलं उचलून भिंतीच्या अलीकडे आणून ठेवलं आणि पोरीला म्हणाला, "तळाला चिकटलाय, नीट घास." आणि गेला.

मावशीने त्या दिवशी दोन गोष्टी मनाशी पक्क्या केल्या. एक, आचारी शहाणा होता. दोन, मॅनेजर लोकांचा नाकावर फार विश्वास असतो. पुढे चाळीस वर्षांत यातली एकही गोष्ट खोटी ठरली नाही, आणि माणसांबद्दलचं तिचं मत जे एकदा खाली बसलं ते काही वर आलं नाही.

शाळा तिची तिसरीपर्यंत. पण त्याच कॅन्टीनमध्ये घासणारीची चिरणारी झाली, चिरणारीची शिजवणारी झाली, आणि शिजवण्यापेक्षा उरलेलं ठेवायची विद्या जास्त शिकली. ती विद्या अगदी साधी. गरम अन्न मोठ्या भांड्यात तसंच ठेवायचं नाही. उथळ भांड्यांत वाटून, ती भांडी गार पाण्याच्या परातीत ठेवून, वाफ गेली की लगेच फ्रिजमध्ये. दोन तासांच्या वर बाहेर काही राहता कामा नये, उन्हाळ्यात तर तासाच्या वर नाही. भात दुसऱ्या दिवसापुढे नाही, बाकीचं तीन दिवसांपुढे नाही. गरम करायचं ते एकदाच, आणि खदखदून. कच्चं मटण नेहमी खालच्या फळीवर, म्हणजे त्याचं पाणी शिजलेल्यावर गळणार नाही. एवढंच. पण एवढं ऐकायला माणसाला दोन कान आणि थोडी लाज लागते, आणि मावशीच्या मते लोकांकडे कानच तेवढे असतात.

कॅन्टीन ठेकेदाराकडे गेलं तेव्हा मावशी तिथून उठली आणि घरोघरी स्वयंपाकाला जाऊ लागली. तेव्हा तिला कळलं की इस्पितळात माणसं का येतात.

लोकांच्या घरात कपाटाएवढाले फ्रिज होते, आणि आत काय आहे ते फ्रिजलाच ठाऊक. लोकांना ती जादूची पेटी वाटायची. आत ढकललं की अमर झालं. एका वकीलबाईंकडे पहिल्याच दिवशी मावशीने दार उघडलं तर समोर अकरा डबे. सगळ्यात मागचा उघडला.

"बाई, हे काय आहे?"

"ते ना... परवाची भाजी. की त्याच्या आधीची? थांबा हं."

"थांबते. नाहीतर त्यालाच विचारा की. अंगावर केस आलेत, बोलायलाही लागलं असेल."

वकीलबाई कोर्टात भल्याभल्यांना गप्प करायच्या म्हणे. स्वतःच्या फ्रिजसमोर त्यांनी पदराने नाक झाकलं. मावशीने अकरातले नऊ डबे रिकामे केले, दोन ठेवले, आणि त्या दोन्हींवर चिकटपट्टी लावून वार लिहिला. वार लिहिण्यापुरती तिची तिसरी भरपूर झाली.

यामुळे तिचं नाव पडलं ओतूनटाक मावशी. तोंडावर कोणी म्हणत नसे, जिन्यात म्हणत. तिच्या सुनेनेसुद्धा एकदा फोनवर कुणाला तरी सांगितलं, "आमच्या ओतूनटाक यायच्यात आता, ठेवते." मावशीने ते ऐकलं. सुनेच्या फ्रिजमध्ये कढईची कढई झाकणाशिवाय ठेवलेली असायची, वर वर्तमानपत्र. वर्तमानपत्राने अन्न झाकणाऱ्या बाईने काय नाव ठेवलं याचं मावशीला ते काय? लग्नाकार्याच्या जेवणात ती पंगतीला बसायच्या आधी मागच्या बाजूला एक चक्कर मारून यायची. कधी परत येऊन जेवायची. बहुतेक वेळा म्हणायची, "माझं आज पोट भरलेलं आहे," आणि घरी जाऊन पाव खायची. तोंड काही गोड नव्हतं तिचं. पण तिच्या हातचं खाऊन चाळीस वर्षांत कुणाचं पोट दुखलेलं नव्हतं, आणि तिच्याजवळ मिरवावं असं एवढंच होतं.

या एकुलत्या एक दागिन्यावर घाला घातला तो फोरमनने.

फोरमन म्हणजे कारखान्यातून निवृत्त झालेला गृहस्थ. उंच, ताठ, घरातसुद्धा खिशाला तीन पेनं. तीन पेनांनी तो काय लिहायचा, तर सूचना. नळावर 'घट्ट बंद करावा'. दारावर 'आवाज न करता लावावे'. साबणावर सूचना चिकटत नाही म्हणून साबण तेवढा वाचला होता. बायको बारा वर्षांपूर्वी वारली होती. मावशी म्हणायची, सुटली. मुलगी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची, बँकेत होती. घरात दुसरं माणूस म्हणजे फोरमनची थोरली बहीण. सगळे तिला ताईच म्हणत. ताई शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेली, लग्न न केलेली, बोलायला कात्रीसारखी. मागच्या वर्षी मोठ्या आजारातून उठली आणि भावाकडे राहायला आली, कारण तिची मूत्रपिंडं अर्धीच काम करत होती आणि एकटीने राहायची सोय उरली नव्हती.

मावशीला कामावर ठेवलं मुलीने, पण मुलाखत घेतली फोरमनने. घड्याळ समोर ठेवून.

"स्वयंपाक येतो ना?"

"नाही, पेटी शिकवायला आलेय."

आतल्या खोलीतून ताईंचं हसू ऐकू आलं. तेवढ्यावर मावशीने ते घर धरलं. फोरमनसाठी नव्हे.

मावशी सकाळी साडेसातला यायची आणि अकराला जायची. दुपारचं गरम वाढून ठेवायची. संध्याकाळचं, आणि ताईंसाठी दुसऱ्या सकाळचा मऊ भात, हे गार करून, डब्यांत भरून, वार लिहून फ्रिजमध्ये. ताईंना सकाळी साडेसहाला गोळी असायची आणि गोळीआधी पोटात काहीतरी लागायचं. मावशी यायच्या आत तो भात गरम करून द्यायचं काम फोरमनकडे होतं.

दोन महिन्यांत ताईंचं पोट तीनदा बिघडलं. पहिल्यांदा सगळे म्हणाले, हवा. दुसऱ्यांदा म्हणाले, गोळ्या. तिसऱ्यांदा ताईंना दोन दिवस उठता आलं नाही, जीभ कोरडी पडली, आणि डॉक्टर घरी येऊन गेले. ते जाताना मावशी कांदा चिरत होती, तिने ऐकलं.

"जुलाबाने अंगातलं पाणी जातं ते यांच्या मूत्रपिंडांना सोसत नाही," डॉक्टर दारात म्हणाले. "आणखी एकदा असं झालं तर इस्पितळात न्यावं लागेल, आणि तिथून परत आणता येईल असं मी सांगू शकणार नाही. खाण्यात काहीतरी चुकतंय. शोधा."

फोरमनला शोधायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. चुका नेहमी हाताखालच्या माणसाच्या असतात, हे तो तीस वर्षांत शिकला होता. तो स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, "बाई, हात दाखवा."

मावशीने हात दाखवले. पालथे, उताणे. मग म्हणाली, "भविष्य पण सांगणार का?"

"नखं कापत चला. तुमच्या हातूनच होतंय हे. मी मुलीला कळवलं आहे."

मुलीचा फोन ताईंच्या फोनवर आला, मावशीसाठी. मुलगी बिचारी सरळ होती. "मावशी, मी तुम्हाला दोष देत नाही हो. पण बाबा म्हणतात... मी रविवारी येते. तोवर काही कळलं नाही तर आपल्याला दुसरी बाई बघावी लागेल. ताईआत्याच्या जिवाचा प्रश्न आहे."

"आहेच," मावशी म्हणाली. "म्हणूनच रविवारपर्यंत मी आहे."

फोन ठेवून ती ओट्याशी आली. चाळीस वर्षं! इस्पितळातल्या पाचशे माणसांना जेवू घातलं त्या हातांना हा पेनवाला नखं कापायला सांगतो. आणि त्याहून वाईट म्हणजे म्हातारी तिकडे पांढरीफटक पडलीये, आणि हिला कळत नाहीये की चुकतंय कुठे. भात ती स्वतः ताटात पसरून गार करत होती. डबा स्वच्छ. वार बरोबर.

मग तिने डोकं थंड केलं आणि फ्रिजकडे बघितलं.

फ्रिज जुना, एका दाराचा, पिवळट पडलेला. रोज सकाळी ती यायची तेव्हा तो जोरजोरात घरघरत असायचा, जिने चढून आलेल्या माणसाने धापा टाकाव्यात तसा. अकरापर्यंत शांत व्हायचा. लोणी रोज सकाळी मऊ. दूध आठवड्यातून एकदा तरी फाटायचं, आणि फोरमन दूधवाल्याला शिव्या द्यायचा. खालच्या फरशीवर रोज पुसल्याच्या खुणा, आणि फोरमनला तर स्वतःची बशी उचलायची सवय नव्हती.

"साहेब, फ्रिजखालची फरशी कोण पुसतं?"

"मी. का?"

"पाणी कुठनं येतं रोज?"

"थंड वस्तूला घाम येतो. शास्त्र आहे ते."

"फ्रिजला घाम? घरात काम करणारा तेवढा तो एकटाच दिसतो."

फोरमनने तिसरं पेन काढलं, काहीतरी लिहिणार होता, पण कुठे चिकटवावं ते त्याला सुचलं नाही.

इस्पितळाच्या कॅन्टीनमध्ये वीज फार जायची. सुट्टीहून परत आल्यावर, मध्ये वीज गेली होती की नाही हे कळायला तिथले आचारी एक गंमत करायचे. वाटीभर पाण्याचं बर्फ करायचं, त्यावर एखादं जड बटण ठेवायचं. परत आल्यावर बटण वर असलं तर गारवा टिकला होता. बटण खाली गेलं असलं तर मधे सगळं वितळलं होतं. आता पुन्हा कितीही कडक बर्फ दिसो, आतलं सगळं फेकायचं.

मावशी ताईंच्या खोलीत गेली. ताई उशीला टेकून बसल्या होत्या, मांडीवर बटणांचा डबा. शिवण सुटलं तरी डबा सुटला नव्हता.

"ताई, एक बटण द्या. चांगलं जड."

"कोणाला मारायचंय?"

मावशीने सांगितलं. ताईंनी सगळं ऐकून घेतलं, डबा ढवळला आणि एक पितळी बटण काढलं. फोरमनच्या कारखान्याच्या जुन्या कोटाचं. "हे घे," त्या म्हणाल्या. "याच्याइतकं जड माणूस या घरात दुसरं नाही."

मावशीने जाण्याआधी वाटीभर पाणी बर्फाच्या कप्प्यात मागे ठेवलं. फोरमन संध्याकाळी फिरायला गेला तेव्हा ताईंनी भिंतीला धरत धरत स्वयंपाकघर गाठलं आणि घट्ट बर्फावर बटण ठेवलं. दुसऱ्या दिवशी साडेसातला मावशीने वाटी काढली. वर दुधावर साय धरावी तेवढं बर्फ, खाली पाणी, आणि तळाशी बटण, चकचकीत.

"वीज गेली असेल रात्री," ताई म्हणाल्या, पण त्यांचा आवाज तसा नव्हता.

"तुमच्या भिंतीवरचं घड्याळ विजेवर चालतं. वीज गेली की बाराला येऊन उघडझाप करत बसतं. ते बरोबर वेळ दाखवतंय." मावशी खाली बसली. "ताई, तुम्ही सकाळचा भात खाऊ नका. मी बिस्किटं आणून ठेवते, केळी ठेवते."

"तीन दिवस झाले, मी तो खिडकीतल्या कुंडीत घालतेय," ताई म्हणाल्या. "तू शिकवायच्या आधीच शिकले. शाळेत पोरींच्या डब्यांचे वास घेत तीस वर्षं काढलीत मी."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"वाटलं, तुझंच चुकत असेल. रागावू नकोस हो."

मावशी रागावली. पण ताईंवर रागावून काही उपयोग नव्हता. त्या लगेच हसायच्या.

याच दिवसांत फोरमन घरभर मिरवत होता. ताईला बरं वाटतंय, कारण त्याने बाईवर देखरेख सुरू केली, नखं तपासली. "बघ, तोच भात आता कसा पचतोय!" तो ताईंना म्हणायचा. ताई म्हणायच्या, "हो रे. फार छान पचतोय." कुंडीतलं झाड मात्र पिवळं पडत चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बटण. पुन्हा तळाला. तिसऱ्या दिवशी तसंच.

रविवारी मुलगी आली. फोरमन सगळ्यांत आधी बोलायला बसला, समोर कागद, कागदावर मुद्दे. मावशीने कागद बाजूला सारला आणि वाटी टेबलावर ठेवली. बटण तळाशी दिसत होतं. तिने काल संध्याकाळी ते कुठे होतं ते सांगितलं, ताईंनी मान हलवली, आणि मावशी म्हणाली, "साहेब, हा फ्रिज रात्री बंद होतो. कोण करतं?"

तिला वाटलं होतं, नाही म्हणेल. बहाणे करेल. पण फोरमन उलट खुलला. कोणीतरी शेवटी विचारलं!

"अर्थात मी करतो. रात्री आठ ते सकाळी सहा. अठरा वर्षं करतोय. म्हणून तर हा फ्रिज अजून चालतोय. शेजाऱ्यांचे तीन झाले तेवढ्यात."

"बाबा!" मुलगी उभी राहिली.

"यंत्राला विश्रांती लागते. कारखान्यात प्रत्येक पाळीनंतर आम्ही मशीन बंद ठेवायचो. चोवीस तास मशीन चालवणारा माणूस मशीनचा शत्रू. दार बंद असतं, आत थंड राहतं."

"थंड राहतं तर बटण बुडलं कसं?" ताई म्हणाल्या.

"रात्रीत चार थेंब वितळले तर काय प्रलय आला?"

"मशीनला सुट्टी दिलीत, साहेब," मावशी म्हणाली. "जंतूंनी ओव्हरटाइम केला. मी अकराला भात गार करून ठेवते, तुम्ही आठला त्याला कोमट करायला सोडता. दहा तास. सकाळी परत दोन मिनिटं ऊन करता, वाफ यायच्या आत बशीत. भातात जे वाढतं ना, त्याचं विष नंतर उकळूनही जात नाही. आणि हे सगळं कुणाला? जिला डॉक्टर म्हणाले, आणखी एकदा नको!"

"मीही तेच खातो. अठरा वर्षांत मला कधी काही झालं नाही."

"तुमचं पोट कारखान्यातूनच आलंय. त्याला काय व्हायचंय?"

मग ताई सावकाश म्हणाल्या, "वहिनीचं पोट सारखं बिघडायचं."

फ्रिज तेवढा घरघरत होता. मुलगी वडिलांकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मावशीनेही जीभ आवरली, जी तिने सहसा आवरली नसती.

"तिची प्रकृतीच नाजूक होती," फोरमन म्हणाला. त्याने पेन काढलं, टोपण काढलं, परत लावलं. "हे सगळं... बायकांचं आहे. एका वाटीतल्या बटणावरून."

मुलीने विनवलं. रागावली. म्हणाली, नवा फ्रिज आणून देते. तो म्हणाला, नव्यालाही रात्री बंद करीन. ती म्हणाली, मी फ्रिजच्या स्विचवर चिकटपट्टी लावते. तो म्हणाला, माझ्या घरात माझ्या यंत्राला पट्टी लावायची नाही. इतका वेळ त्याच्या आवाजात भीती होती ती निघून गेली आणि तिच्या जागी फोरमन येऊन बसला. अठरा वर्षं चुकलो म्हणण्यापेक्षा बहीण मेली तरी चालेल, असं त्याने म्हटलं नाही, पण माणूस जे म्हणत नाही तेच मावशीला आधी ऐकू यायचं. चूक कबूल करायला याला कुणी कधी शिकवलंच नव्हतं, तशी पाळीच नव्हती त्याच्या कारखान्यात.

"बाई, तुम्ही उद्या शेवटचं या," तो म्हणाला. "कामगाराने साहेबाला शिकवायचं नसतं."

"मग मीही उद्याच जाते," ताई म्हणाल्या. "पोरी, तुझ्याकडे मला एक पलंग आहे का?"

"आत्या, कधीचा आहे," मुलगी म्हणाली आणि रडायला लागली.

"रडू नको. मला नेण्याआधी तुझा फ्रिज दाखव हिला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी टॅक्सी घेऊन आली. ताईंचं सामान म्हणजे दोन पिशव्या, औषधं आणि बटणांचा डबा. मुलीचं घर दोन बसच्या अंतरावर. तिथे रोज येणं मावशीला जमणारं नव्हतं, आणि कुणी तसा आव आणला नाही. ताईंसाठी मावशीने दुपारचा भात ताजा करून दिला आणि मुलीला चार वेळा सांगितलं की गरम डबा टॅक्सीत दोन तास बसवून ठेवू नकोस, सिग्नलला अडकलीस तर थेट घरी जा, कुठे थांबू नकोस. मुलगी म्हणाली, "मावशी, वीस मिनिटांचा रस्ता आहे." मावशी म्हणाली, "तुझ्या बाबांनाही सगळं माहीत होतं."

ताई जिन्यात थांबल्या. भिंतीला धरलं. "नखं कापत जा ग," त्या म्हणाल्या, आणि दोघी हसल्या. फोरमन आतल्या खोलीत होता, दार लावून, आवाज न करता.

टॅक्सी गेल्यावर मावशी परत वर आली. फोरमन बाहेर आला तेव्हा स्वयंपाकघर आवरलेलं होतं. त्याने इकडे तिकडे बघितलं, नेहमीच्या आवाजात म्हणाला, "दूध नाहीये."

ती त्याची स्वयंपाकीण होती अकरापर्यंत, आणि आता सव्वादहा झाले होते. तिने पिशवी घेतली.

दुकानात दुधाचे क्रेट दारात उन्हात उतरवून ठेवलेले होते. "हे दूध आहे का सरबत?" तिने दुकानदाराला विचारलं. दुकानदार रोजच्यासारखा म्हणाला, "मावशी, आत्ताच उतरवलं हो." ती रोजच्यासारखी म्हणाली, "तुमचं आत्ता सकाळपासून चालू आहे," आणि आत जाऊन थंड पेटीच्या तळातून, मागच्या बाजूने पिशवी काढली. वरची तारीख दूर धरून वाचली. मग सावलीच्या बाजूने, कुठे न थांबता परत आली.

दूध उतू जाऊ न देता उकळलं. पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवलं, पाणी कोमट झालं तसं दोनदा बदललं, मधूनमधून ढवळलं. तोवर ओटा पुसला. फोरमन दारात उभा होता. काहीतरी बोलायचं होतं त्याला. त्याने विचारलं, "हे उद्यापर्यंत टिकेल?"

"रात्री आठपर्यंत नक्की टिकेल," मावशी म्हणाली. "पुढचं यंत्राला विचारा."

पातेलं हाताला गार लागलं तेव्हा तिने ते पुसलं, झाकण घातलं, झाकणावर पट्टी लावून सोमवार लिहिलं, आणि दारात नाही, आतल्या फळीवर, मागे सरकवून ठेवलं. खरकट्याची पिशवी घट्ट बांधून घेतली आणि चप्पल घालून निघाली.